ओढ्याकडची खोली

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावस्येच्या रानपूजेच्या दिवशी रानातच घराचा निकाल लावायचा, हे गोरोबानं पुण्याहून फोनवर ठरवून टाकलं होतं. त्या दिवशी सगळे येतातच, वेगळी रजा काढायला नको, आणि आळीतल्या कुणाच्या कानावर जायचं भय नाही, असं त्याचं म्हणणं. कृष्णराजनं फोन ठेवला आणि बायकोला एवढंच सांगितलं, "अंबिल जरा जास्त लाव. धाकटा यायलाय." दीर कशासाठी येतोय, हे महानंदाला वेगळं सांगायची गरज नव्हती.

कार्तिकात नगरपंचायतीची माणसं येऊन घराच्या बाजूच्या भिंतीवर लाल रंगाची उभी रेघ मारून गेली होती. रेघेच्या अलीकडचं घर राहणार, पलीकडचं जाणार. पलीकडं एकच खोली येत होती, ओढ्याकडची. त्या खोलीत महानंदाची पिठाची चक्की होती.

चक्की मूळची सासऱ्यांची. महारुद्र बोरवंडच्या सूतगिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते. उमरग्याच्या अलीकडं, हमरस्त्याला चिकटून असलेल्या बोरवंडचं शहर केलं ते त्या गिरणीनं. बोरओढ्याच्या या काठाला जॉबर, फिटर, कारकून यांची आळी वसली. पल्याडच्या काठाला आळंदकडून आलेले कानडी कामगार राहिले. रंगखात्याचं पाणी ओढ्यात सुटायचं, आणि आज कुठला रंग वाहतोय हे बघूनच बायका धुण्याची बुट्टी उचलायच्या. मग गिरणी बंद पडली. यंत्रं भंगारात गेली, जागेवर प्लॉट पडले, मंगल कार्यालय उभं राहिलं. ओढ्यातला रंग गेला तेव्हा लोकांना वाटलं, पाणी आता सुधारेल. पण वाढत्या शहरानं आपली सगळी गटारं त्यातच आणून सोडली. धुणं थांबलं, घाट बुजला, दोन्ही काठांवरच्या घरांनी ओढ्याकडं पाठ केली. आणि एकदा पाठ केल्यावर घरं मागं मागं सरकत ओढ्याच्या पात्रातच उतरली. कुणी संडास काढला, कुणी म्हशीचा गोठा. महारुद्रांच्या हाताला काम नव्हतं त्या वर्षी त्यांनी ही खोली बांधली, चक्की बसवली आणि तिच्यावर तिन्ही लेकरं मोठी केली.

पुढं कृष्णराज उमरग्यात ट्रकच्या बॉडीच्या कामाला लागला, तिथं त्याची कंबर गेली, आणि महारुद्रांच्या माघारी चक्की महानंदाच्या हातात आली. लग्न होऊन आली तेव्हा तिला त्या आवाजाचं भय वाटायचं. आता पट्टा जरा सैल झाला तरी तिला स्वयंपाकघरातून कळायचं.

रान शहराच्या वर, गुंजोटीच्या वाटेवर. बोरओढा त्यांच्याच बांधाखालून निघतो. इथं त्याच्यात वाळू दिसते, हिवाळ्यात पाणी घोट्याएवढं आणि नितळ असतं. महानंदानं कोवळ्या हरभऱ्याची, तुरीच्या दाण्यांची भज्जी रटरट शिजवून आणली होती, ज्वारी-बाजरीचे उंडे होते, खीर होती, आणि मडक्यात रात्रभर आंबवलेली अंबिल. कृष्णराजनं कडब्याची झोपडीसारखी कोप उभी केली, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडले. पूजा झाल्यावर त्यानं पिकाभोवती फिरून अंबिल शिंपडली आणि तोंडानं दरसालची ती न कळणाऱ्या शब्दांची आरोळी दिली. महानंदाची लेक अक्षरा त्याच्या मागनं पाणी घेऊन चालत होती. ती म्हणाली, पप्पा, ह्याचा अर्थ काय? कृष्णराज म्हणाला, कानडी हाय ते, आपल्याला काय ठाऊक.

जेवायच्या आधीच बोलणं सुरू झालं. गोरोबाला दम निघत नव्हता.

तो समजावून सांगत होता, आणि तो समजावून सांगायला लागला की त्याच्या बोलण्यातलं बोरवंड निघून जायचं. ओढ्याचं सुशोभीकरण होणार. दोन्ही काठांना दगडी बांध, फिरायला रस्ता, दिवे, बाकडी, मधे पायपूल. पुण्यात त्याच्या सोसायटीजवळ असंच झालं, तिथं आता संध्याकाळी बसायला जागा मिळत नाही. जे आपणहून खोली देतील त्यांना पायपुलाजवळ एकेक गाळा. जे कोर्टात जातील ते तारखा मोजत बसतील. "आज जे मागचं परस आहे, ती उद्या पुढची बाजू होईल दादा. लोकं तिकडून फिरतील. अशा घराला किंमत येते." त्याच्या मनात घर विकायचं होतं आणि आईला पुण्याला न्यायचं होतं. ते त्यानं आज तोंडावर आणलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं.

कृष्णराज मातीवर काडीनं रेघा ओढत ऐकत होता. आळीतल्या लोकांनी मिळून उमरग्याचा वकील धरला होता आणि त्यात कृष्णराजचं नाव पहिलं होतं. तो म्हणाला, खोली बापानं बांधलीय, तिला हात लावू देणार न्हाय. एवढ्या एका वाक्यापलीकडं तो गेला नाही.

थोरली बहीण शिवकन्या कळंबच्या दवाखान्यात नर्स होती. ती आजवर कायम कृष्णराजच्या बाजूनं असायची, कारण लहानपणी दोघांनी मिळून चक्कीवर पोती उचलली होती. पण या वेळी ती गोरोबाकडं झुकली. दर पावसाळ्यात बोरवंडचे डेंग्यूचे पेशंट कळंबपर्यंत येतात, म्हणाली, तो ओढा साफ होत असेल तर मी आडवी येणार न्हाय. कृष्णराजनं काडी मोडून टाकली. बहीण पलीकडं गेलेली त्याला झोंबली.

महानंदाला कुणी काही विचारलं नाही. ती भाकऱ्या मांडत होती. तिला राग आला नव्हता, नवलही वाटलं नव्हतं. फक्त तिच्या ध्यानात आलं, की एवढा वेळ तिघं भावंडं खोलीबद्दल बोलताहेत आणि त्या खोलीत रोज जे चालतं त्याचं नाव कुणाच्या तोंडी आलेलं नाही. गाळा मिळेल म्हणे. गाळ्यात तीन फेजची लाईट मिळेल का, शेजारचा दुकानदार पिठाची धूळ चालवून घेईल का, हे गोरोबाला सुचलंही नसेल.

सासूबाई, कस्तुराबाई, कोपीच्या सावलीला बसून वाटेकडं बघत होत्या. त्यांचा कान बोलण्याकडं नव्हता. महानंदानं त्यांच्या नजरेच्या रोखानं बघितलं तेव्हा ओढ्याच्या पात्रातून, काठाकाठानं, एक म्हातारी चालत येताना दिसली. नेसणं कानडी बायकांसारखं, डोक्यावर पदर, पायातल्या चपला हातात.

"वन्सं आल्या," कस्तुराबाई म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या.

ती कडूबाई होती, महारुद्रांची धाकटी बहीण. गिरणी चालू असताना तिनं पल्याडच्या आळीतल्या, पिंजणखात्यातल्या इरप्पाशी लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी. महारुद्रांनी त्याच दिवशी मागचं दार विटांनी चिणून घेतलं; पुढं खोली बांधताना ते फोडलं, पण खोलीला ओढ्याकडं दार ठेवलं नाही. तेव्हापासून जाणं-येणं बंद. समोरासमोरच्या दोन काठांवर, हाकेच्या अंतरावर राहून दोन्ही घरांनी एकमेकांच्या बारशा-मयतीला पाऊल टाकलं नव्हतं. महानंदा सून म्हणून आली तेव्हा तिला सांगण्यात आलं, तिकडं आपलं कुणी न्हाय.

गेल्या भादव्यात ओढ्याला पूर आला. पल्याडच्या आळीत खाटा बुडेपर्यंत पाणी शिरलं. लकवा होऊन पडलेल्या इरप्पाला शेजाऱ्यांनी उचलून शाळेच्या व्हरांड्यात नेऊन ठेवलं. तिथल्या गारठ्यात त्याची छाती भरली आणि दसऱ्याआधी तो गेला. तेव्हा कस्तुराबाईंनी कुणाला न सांगता महानंदाला घेतलं, रिक्षा केली आणि हमरस्त्याच्या पुलावरून वळसा घालून त्या पहिल्यांदा नणंदेच्या दारात गेल्या.  निघताना कस्तुराबाई म्हणाल्या होत्या, येळवशीला रानात या. महानंदाला वाटलं होतं, बोलायचं म्हणून बोलल्या.

आता कडूबाई बांध चढून वर आल्या. कृष्णराज उठला आणि विहिरीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. गोरोबानं त्याच्याकडं बघितलं. एवढा वेळ जे दोघं भाऊ एका शब्दावर येत नव्हते, ते आत्ता एका बाजूला झाले. गोरोबा हळू आवाजात म्हणाला, "माय, आज घरचं बोलणं चाललंय."

"बोला की," कस्तुराबाई म्हणाल्या. "त्या काय परक्या हायत?"

त्यांनी नणंदेला आपल्या शेजारी बसवून घेतलं. अक्षरानं वाकून पाया पडल्यावर कडूबाईंनी तिच्या हनुवटीला हात लावून बोटं ओठांना नेली आणि आपल्या भावाचं नाक हिच्यात आलंय म्हणाल्या. अक्षरानं त्यांना सकाळची शंका विचारली, त्या आरोळीतलं कानडी म्हणजे काय. कडूबाईंनी थोडा विचार केला. आमच्या घरात बी तेवढंच म्हणतात, म्हणाल्या, अर्थ तिकडं पण कुणाला येत न्हाय. कस्तुराबाई हसल्या. शिवकन्याही हसली.

महानंदानं पानं वाढली. कृष्णराजनं पाठ केलेलीच होती. विहिरीच्या काठावरून तो म्हणाला, "मायनं बोलावलंय, जेवून घ्या. पन आमच्या खोलीचं आमी बघून घिऊ."

"तुमच्या खोलीचं मला काय करायचंय बाबा," कडूबाई म्हणाल्या. त्यांचा स्वर तुटलेला नव्हता, थकलेला होता. "म्या वैनीला भेटाया आलेय. पुढच्या येळवशीला म्या हितं असंन का न्हाय, सांगता येत न्हाय. आमची आळी उठायलीय."

शिवकन्येनं विचारलं, उठायलीय म्हणजे?

मग कडूबाईंनी सांगितलं ते असं. या काठाच्या घरांच्या मागच्या खोल्या तेवढ्या जाणार, पल्याडची आळी मात्र सगळीच जाणार. घरं पूररेषेत आहेत, दरसाल पाणी शिरतं, माणसांच्या जिवाला धोका आहे, असं नगरपंचायतीचं म्हणणं. बायपासच्या पलीकडच्या माळावर पत्र्याची घरं मिळणार. तिथून गावात यायला वाहन नाही. आळीतल्या बायका गावात धुण्याभांड्याला जातात, पापड लाटायला जातात, त्यांनी काय करायचं हे कुणी सांगत नाही. त्यांच्या सुनेनं अर्ज दिला होता, तो घेतला, पुढं काही कळलं नाही. आळी उठली की तिथं बाग होणार आहे.

"पत्र्याची नाहीत, पक्की घरं आहेत," गोरोबा म्हणाला. "योजनेच्या फेज दोनमध्ये."

सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

"तुला ठाऊक हुतं?" शिवकन्येनं विचारलं.

त्यानं नकाशा बघितला होता. नगरपंचायतीत त्याचा वर्गमित्र होता, त्यानं दाखवला होता. सांगण्यासारखं काही वाटलं नाही, म्हणाला, कारण तो प्रश्न आपल्या घराचा नव्हता. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं होतं. शिवकन्या त्याच्या शेजारून उठली आणि कडूबाईंच्या पानात भज्जी वाढायला लागली, आणि ती पुन्हा काही त्याच्याजवळ जाऊन बसली नाही.

कृष्णराज आता वळला. विहिरीपासून तो भराभर चालत आला, आणि चाळीस वर्षांत त्या घरात न उच्चारलेला शब्द त्याच्या तोंडून सहज निघाला. "आत्या, मग तर झालंच की. म्हणूनच म्या म्हणतोय कोर्टात जायचं. आमच्या खोल्यांवर स्टे आला की सगळं काम थांबतंय. आमच्या खोल्या राहिल्या की तुमची आळी बी राहती."

त्याचा चेहरा उजळला होता. आपली बाजू धरायला अचानक एक नवं माणूस मिळालं होतं. महानंदाला नवऱ्याचं थोडं हसू आलं, थोडी कीवही आली.

कडूबाईंनी उंडा कुस्करला. "राहती की. अन् भादव्यात पुन्हा पाणी बी येतंय."

कृष्णराज थांबला. पाणी तर येणारच, म्हणाला, पाऊस कुणाच्या हातात आहे.

 कडूबाई खाली बघून जेवत राहिल्या. त्यांना अजून सांगायचं होतं आणि त्या सांगणार नव्हत्या, हे महानंदाला दिसत होतं. भाच्याच्या रानात, भावजयीच्या पानावर बसून त्या ते कसं बोलणार? ते बोलू शकेल असं दुसरं माणूस तिथं एकच होतं.

पुराच्या सकाळी महानंदा चक्कीत होती. पोती वर उचलून ठेवायला गेली होती. जाळीतून तिनं बघितलं, वरून येणारं गढूळ पाणी आपल्या खोलीच्या कोपऱ्याला येऊन थडकत होतं, तिथं त्याचा डोंगर होत होता, आणि मग ते सगळंच्या सगळं पल्याड वळत होतं. खोलीत मात्र जमीन फक्त ओली झाली. महारुद्रांनी पाया मजबूत घेतला होता. समोर माणसं खाट उचलून पाण्यातून चालली होती, खाटेवर कुणीतरी होतं. तो इरप्पा होता हे तिला नंतर कळलं. तेव्हापासून चक्की सुरू करताना तिची नजर त्या कोपऱ्याकडं जायची.

तिनं हातातली पळी खाली ठेवली.

"पाणी पावसानं येतंय, पन तिकडं वळतंय ते आपल्या खोलीनं," ती म्हणाली. "म्या डोळ्यानं बघितलंय. आपली खोली, शेजारचा गोठा, अन् त्याच्या पुढची दोन घरं. पात्र निम्मं आपुन दाबलंय. पाणी जाईल कुठं?"

कृष्णराज म्हणाला, "तू गप बस."

"आजवर गपच हुते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "चक्की माझी जायलीय. मला बोलू द्या."

मग ती बोलली. बोलताना तिचं तिलाच सुचत गेलं. खोली ठेवली तर आत्याच्या घरात पाणी. खोली देऊन सुशोभीकरणाला सही केली तर आत्याचं घरच जातंय. म्हणून सही द्यायची नाही, कोर्टातही जायचं नाही. खोली आपणच पाडायची, आपल्या हातानं, पावसाळ्याच्या आत. ओढ्याला त्याची जागा दिली की पाणी तिकडं चढणार नाही. आणि पाणीच चढलं नाही, तर पुराच्या नावावर त्यांना कसं उठवणार?

गोरोबानं मान हलवली. असं होत नसतं वहिनी, म्हणाला, रेषा कागदावर असते, एक खोली पाडून ती हलत नाही. आणि आपण सही न देता पाडली तर गाळाही जाईल. हातचं जाईल आणि काही मिळणार नाही. महानंदाला ठाऊक होतं, तो म्हणतोय त्यात तथ्य आहे. तिनं तसं कबूलही केलं. रेषा हलेल का न हलेल, मला सांगता येत न्हाय भावजी, म्हणाली. पन पाणी तर हलंल.

"अन् चक्की?" शिवकन्येनं विचारलं.

"पुढच्या खोलीत."

पुढची खोली म्हणजे बैठक. तिथं महारुद्रांचा हार घातलेला फोटो होता, सोफा होता, टीव्ही होता. पाहुणे तिथं बसायचे, गोरोबा आला की तिथं निजायचा. त्या खोलीत दिवसभर चक्कीची घरघर आणि पिठाची धूळ, हे चित्र एकेकाच्या डोळ्यांपुढं येत गेलं तसतसे चेहरे बदलत गेले. गोरोबा काही बोलणार होता, पण कृष्णराज आधी बोलला. 

"बापानं बांधलेली खोली हाय ती. गिरणी बंद पडल्यावर लोकं गाव सोडून गेले. बापानं एकेक वीट सोता रचली. म्या विटा दिल्यात त्याच्या हातात. ती पाडू म्हणतीस?"

  उत्तर कस्तुराबाईंनी दिलं.

"किस्ना, हिकडं बघ," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापानं खोली बांधली ती तुमाला जगवायला. तुमी जगलाव. आता ती माझ्या नावावर हाय. महानंदा म्हणती तसं करा."

कृष्णराज ज्वारीत निघून गेला. कणसांच्या वर त्याचं डोकं तेवढं दिसत होतं. कुणी त्याला हाक मारली नाही. गोरोबा फोन काढून बसला. शिवकन्येनं कडूबाईंना विचारलं, इरप्पामामांचा शेवट कसा झाला, ताप किती दिवस होता, औषध काय दिलं होतं. कडूबाईंनी सगळं सांगितलं. इतक्या दिवसांत असं तपशीलवार कुणी विचारलं नव्हतं म्हणाल्या, आणि मग पदरानं डोळे पुसून खीर मागून घेतली.

ऊन कलतीला लागलं तेव्हा कृष्णराज परत आला. त्याच्या सदऱ्याला ज्वारीची कुसळं चिकटली होती. तो कुणाकडं न बघता कोपीपाशी बसला. महानंदानं त्याला अंबिलीचा तांब्या दिला. तो प्याला. तांब्या खाली ठेवून म्हणाला, "मीटर मागच्या भिंतीला हाय. पुढं घ्यायचं म्हणजे खांबापासनं नवीन केबल लागंल."

"लागंल," महानंदा म्हणाली.

"सोफा दारातनं निघायचा न्हाय. तोडावा लागंल."

एवढंच बोलणं झालं. गोरोबानं फोनमधून डोकं वर काढलं, दोघांकडं बघितलं आणि त्याला कळलं, की आता आपलं इथं काही चालणार नाही.

खोली पाडायला शिमगा उजाडला. ज्या दिवशी पहार लागली त्या दिवशी आळीतली चार माणसं दारात आली. वकिलाकडं तुझं नाव पहिलं, आणि तूच पाडतोस, आता आमच्या केसमध्ये काय राहिलं, म्हणून त्यांनी कृष्णराजला नको नको ते ऐकवलं. गोठ्याचा मालक, ज्याच्या घरी कृष्णराजची रोजची उठबस होती, तो त्या दिवसापासून बोलेनासा झाला. कृष्णराजला ते लागलं. तो दोन दिवस जेवला नाही नीट. पण पहार त्यानं दुसऱ्याच्या हातात दिली नाही. कंबरेला पट्टा बांधून तो रोज थोडं थोडं पाडायचा, आणि निघालेल्या विटा रजा काढून आलेली शिवकन्या आणि अक्षरा मिळून अंगणात रचायच्या. गोरोबा आला नाही. त्याचा फोन येत राहिला, आईशी तो बोलायचा, भावाला विचारायचा नाही.

ज्या दिवशी शेवटची भिंत खाली आली, त्या दिवशी एकेकाळी चिणलेल्या त्या मागच्या दारातून थेट ओढा दिसायला लागला. घाण पाणी, प्लास्टिक, वास. त्याच्या पलीकडं कडूबाईंच्या घराची पायरी, दोरीवर वाळत घातलेली लुगडी. महानंदाला वाटलं होतं त्यापेक्षा ते घर कितीतरी जवळ होतं. जायचं तर हमरस्त्याच्या पुलावरून वळसा, म्हणून इतकी वर्षं तिनं ते मनात लांब नेऊन ठेवलं होतं.

पुढच्या खोलीत चक्की सुरू झाली. पाहुणे आता ओसरीत बसतात. महारुद्रांचा फोटो आठवड्यातून दोनदा पुसावा लागतो.

आळीतल्या आणखी एका घरानं संडास मागं घेतला. गोठा तसाच राहिला. नगरपंचायतीचे लोक येऊन मापं घेऊन गेले, आम्हाला न विचारता का पाडलं म्हणून रागावले, गाळा मिळणार नाही म्हणाले, आणि पूररेषा पुन्हा तपासावी लागेल असं आपसात बोलले. पल्याडच्या आळीचं उठवणं पावसाळा संपेपर्यंत थांबलं. पुढं काय होणार ते कुणालाच सांगता येत नव्हतं. कडूबाईंची सून अर्जाचा पाठपुरावा करत होती, आता तिच्याबरोबर अक्षराही जायला लागली होती.

श्रावण संपता संपता दोन दिवस झड लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी ओढा भरून आला. महानंदा मोकळ्या झालेल्या जागेत, जुन्या पायाच्या दगडांवर उभी राहून बघत होती. पाणी आलं, जिथं खोलीचा कोपरा होता तिथून सरळ पुढं निघून गेलं, गोठ्याला थडकलं, तिथं जरा फुगलं आणि पल्याड चढायला लागलं. पण चढून चढून ते किती चढलं, हे पावसाच्या झडीमुळं तिला या काठावरून नीट दिसेना.

तिनं वळून बघितलं तर कृष्णराज मागं नव्हता. चक्कीवर दळणाची गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती, अक्षरा त्यांना थांबवत होती. पप्पा छत्री घेऊन गेले, म्हणाली, कुठं ते सांगितलं नाही.

बऱ्याच वेळानं पाऊस उघडला. महानंदा पुन्हा मागं गेली. पाणी उतरायला लागलं होतं आणि पल्याडच्या काठावर, कानडी आळीत, कृष्णराज उभा होता. एवढा वळसा घालून, दुखऱ्या कंबरेनं, चिखलातून गेला होता. कडूबाईंच्या घराच्या भिंतीवर हात ठेवून तो वाकून पाणी कुठवर चढलं त्याची खूण बघत होता. मग त्यानं उंबरठ्याला हात लावला आणि तो हात स्वतःच्या डोळ्यांसमोर धरून कोरडा आहे का ते पाहिलं. कडूबाई बाहेर आल्या. त्यांनी पायरीवर पोतं अंथरलं. तो उभाच होता. त्या आत जाऊन कप-बशी घेऊन आल्या तरी तो उभाच होता. मग सावकाश, कंबरेला हात देत, तो त्या पायरीवर बसला.

पुढून गिऱ्हाइकांनी आवाज दिला, वैनी, मालक कुठं गेले, दळण कधी टाकणार. महानंदानं नवऱ्याला हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती. तिनं मारली नाही. ती आत गेली आणि तिनं मोटर सुरू केली.